केस, गोळी आणि चौथे शील



वंदना आटोपून चहा सुरू झाला की तरुण उपासक जे प्रश्न विचारतात, त्यांतला एक प्रश्न हल्ली फार हळू आवाजात येतो. "केस गळतायत. फिनास्टेराइड नावाची गोळी असते. घेतली तर चालेल का?" विचारणाऱ्याला औषधाची माहिती बहुतेक आधीच असते, रात्री जागून फोनवर वाचलेली. त्याला खरे विचारायचे असते ते वेगळेच. सगळे अनित्य आहे असे आपण दर रविवारी म्हणतो, मग सोमवारी सकाळी उशीवरचे केस मोजायचे का?

त्याला साधारण दोन उत्तरे मिळतात. वडीलधारे म्हणतात, "ही देहाची आसक्ती, तण्हा. सोडून दे." मित्र म्हणतात, "घे रे, सगळेच घेतात." कदाचित तुम्हीही यांतले एखादे उत्तर कधी दिले असेल. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी गोळी काय करते ते पाहू. पुरुषांचे टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, तयार होते. ज्यांच्या केसांची मुळे डीएचटीला हळवी असतात, त्यांचा केस दर खेपेला थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो आणि शेवटी दिसेनासा होतो. यात तेलाचा, शाम्पूचा किंवा लंडनच्या जड पाण्याचा दोष नसतो; आपल्या आयांना हे कितीही सांगितले तरी पटत नाही, ते सोडा.

१९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुलगी समजून वाढवलेली काही मुले वयात येताना पुरुषासारखी होत. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी करणारे एन्झाइम त्यांच्यात जन्मतःच कमी होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. हा धागा धरून मर्क कंपनीने ते एन्झाइम रोखणारे औषध बनवले, तेच फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी मंजूर झाली आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी. ती रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते. दोन वर्षांच्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस होते तेवढे टिकले किंवा वाढले. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे हा भोंदूपणा नाही. रस्त्यावर जडीबुटीच्या तेलाच्या बाटल्या विकणाऱ्याच्या रांगेत या औषधाला बसवता येणार नाही.

आता आसक्तीचे बघू. शरीराच्या बत्तीस भागांच्या ध्यानात केस पहिले येतात. प्रव्रज्या घेणाऱ्याच्या डोक्यावरचे केस उतरवताना त्याला त्याच केसांवर चिंतन करायला सांगतात. हे सारे खरे आहे. पण भिक्खूने स्वतः पत्करलेली साधना गृहस्थाच्या डोक्यावर काठीसारखी हाणायची नसते. आपल्या समाजाने तर मुळीच हाणू नये. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण सांगणारे जाड दागिने टाकायला सांगितले होते. माणूस कसा दिसतो याचा त्याच्या स्वाभिमानाशी संबंध असतो, हे त्यांना नीट कळत होते. मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मार खावा लागल्याच्या बातम्या २०१७ मध्येही गुजरातमधून आल्याच. ज्यांच्या अंगावरच्या केसांवरही दुसऱ्यांनी हक्क सांगितला, त्यांच्या मुलाने नीटनेटके दिसावेसे वाटून घेतले तर त्याला लगेच तण्हेचे लेबल लावू नये.

तण्हा या गोळीत आहेच, पण मला ती दुसरीकडे दिसते. फरक दिसायला तीन महिने किंवा जास्त काळ रोज गोळी घ्यावी लागते. थांबवली तर वर्षभरात मिळवलेले सगळे जाते. पंचविशीत सुरू केलेली गोळी पन्नाशीतही सुरूच राहू शकते आणि बंद करण्याचा दिवस तिच्या पाकिटावर छापलेला नसतो. तापाची गोळी ताप उतरला की संपते. इथे ज्याला रोखायचे ते वय आहे, आणि वय उतरत नाही. म्हणून घेणाऱ्याला मी एवढेच विचारतो: "कधी थांबणार, हे ठरवलेस का?" ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याच्या आसक्तीची मला फारशी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती लपवण्याची.

या गोळीचे दुष्परिणाम थोड्यांनाच होतात, पण ज्यांना होतात त्यांना ते बोलून दाखवणे कठीण जाते. मूळ चाचण्यांत कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे अशा तक्रारी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या आणि पिठाची गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांत. फरक लहान आहे. पण काही पुरुषांची तक्रार गोळी बंद केल्यावरही राहते, आणि काहींचे मन खचते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एमएचआरएने, २०२४ च्या मे महिन्यापासून या गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी इशारा देणारे कार्ड घालायला लावले. २०२५ मध्ये युरोपच्या नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचे नक्की केले. केसांसाठी गोळी घेणाऱ्याला उदास, जगावेसे न वाटणारे विचार येऊ लागले तर त्याने गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांशी बोलावे, असा सल्ला आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला तसे वाटत असेल तर पुढचा लेख नंतर वाचा. आधी १११ ला फोन करा.

इथे ब्रिटनमध्ये केसांसाठी ही गोळी एनएचएसवर मिळत नाही. मग आपली मुले काय करतात? एखाद्या ऑनलाइन दुकानाची प्रश्नावली भरतात. "तुम्हाला कधी नैराश्य आले होते का?" या चौकटीत 'नाही' वर टिक केली की दोन दिवसांत पाकीट दारात येते. किंवा नागपूर-पुण्याला गेल्यावर ओळखीच्या मेडिकलमधून, कोणालाही चिठ्ठी न दाखवता, सहा महिन्यांचा साठा बॅगेत घालून आणतात. पहिल्या प्रकारात खोटे बोललेले असते, दुसऱ्यात कोणी काही विचारलेलेच नसते. दोन्हींत घेणारा एकटा असतो. शील ग्रहण करताना आपण मुसावादापासून दूर राहण्याचे म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर साक्षीदार, व्यापारी, पुढारी येतात. फोनवरची चौकट कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. पण ती भरणारा ज्या माणसाला फसवतो, तो माणूस तोच असतो.

आणि तो एकटाच फसत नाही. या गोळीने पीएसए नावाच्या रक्तचाचणीचा आकडा सुमारे निम्मा होतो. प्रोस्टेटचा कर्करोग शोधायला हीच चाचणी करतात. गोळीची गोष्ट जीपीला सांगितली नसेल तर वाढलेला आकडाही त्यांना ठीक वाटेल. रक्तदानाचे तसेच. ही गोळी घेणाऱ्याला शेवटच्या गोळीनंतर साधारण महिनाभर थांबायला सांगतात, कारण ते रक्त गर्भवती बाईला दिले गेले तर पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. याच कारणाने फुटलेली किंवा कुटलेली गोळी गर्भवती बाईने हाताळू नये असे सांगतात. स्वस्त पडते म्हणून ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून स्वयंपाकघरातच ठेवणारे आपल्यात आहेत. घरात त्यांनी सांगितलेले असते का?

मला सर्वांत जड वाटते ती बायकोपासूनची लपवालपवी. गोळीची गोष्ट लग्न ठरताना सांगितलेली नसते, नंतर सांगायची राहून जाते. समजा, त्याचा ओढा कमी झाला. त्याला कारण माहीत आहे किंवा संशय तरी आहे. तिला काहीच माहीत नाही. ती परदेशात नवी, आई-बहीण दूर, फोनवर हे बोलता येत नाही. ती कारण स्वतःमध्ये शोधू लागते: माझा रंग, माझे वजन, माझे बोलणे. महिनोन्महिने एक बाई विनाकारण स्वतःला कमी लेखत राहते, आणि हे थांबवायला एकच वाक्य पुरले असते. तो तिच्याशी खोटे बोललेला नाही हे कबूल. पण आपण गप्प आहोत म्हणून तिची चुकीची समजूत टिकून आहे, हे त्याला ठाऊक आहे. अशा गप्प बसण्याला मी चौथ्या शीलाबाहेर ठेवू शकत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. इटलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. कल्पना दिलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तशा तक्रारी केल्या. न दिलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. गोळी तीच होती. सांगण्यानेच त्रास वाढत असेल तर न सांगणे ही करुणा नव्हे का? मन हेच पूर्वगामी आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हा आकडा जवळचा वाटायला हवा.

मी यावर बराच विचार केला. न सांगितलेल्या गटातही १५ टक्क्यांहून जास्त पुरुषांनी तक्रार केलीच, आणि त्यांना ती कशामुळे हे कळायला मार्ग नव्हता. त्यांना कमी त्रास झाला, पण जो झाला तो अंधारात झाला. वरच्या उदाहरणातली बायको त्याच अंधारात आहे. शिवाय भीती घालणे आणि माहिती देणे यांत फरक आहे. अभय राजकुमाराला तथागतांनी बोलण्याची जी कसोटी सांगितली, तिच्यात बोलणे खरे आणि हिताचे असावे लागते आणि योग्य वेळीही असावे लागते. "ही गोळी घेतलीस तर संपलास" हे खरेही नाही, हिताचेही नाही. "बहुतेकांना काही होत नाही, काहींना होते, तुला वाटले तर लपवू नकोस, थांबव आणि सांग" हे तिन्ही कसोट्यांना उतरते. एवढे बोलायला डॉक्टर असण्याचीही गरज नाही, मोठा भाऊ पुरतो.

मज्झिम निकायात मखादेव राजाची गोष्ट आहे. त्याने न्हाव्याला सांगून ठेवले होते की डोक्यात पांढरा केस दिसला की मला सांग. बऱ्याच वर्षांनी न्हाव्याला तो दिसला. त्याने सांगितले, केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने त्याला एक गाव इनाम दिले, राज्य मोठ्या मुलाला दिले आणि घर सोडले. आपण ही गोष्ट राजाच्या वैराग्यासाठी सांगतो. मला तिच्यातला न्हावी आवडतो. राजाला म्हातारपणाची वार्ता देणे सोपे नव्हते. ते त्याला जमले, कारण राजाने आधीच त्याला अभय दिले होते.

आपण आपल्या मुलांना ते अभय देतो का? स्नेहसंमेलनात "काय रे टकल्या" म्हणून सुरुवात होते. वधू-वर मेळाव्यात मुलाच्या शिक्षणाआधी त्याच्या कपाळाकडे नजर जाते, आणि मग तो टोपी घातलेला फोटो पाठवतो. ही नजर बायकांचीच असते असे नाही. चिडवण्यात काका-मामा पुढे असतात. बाबासाहेबांच्या उत्तरायुष्यातले फोटो घरोघरी भिंतीवर आहेत. त्यांच्याही डोक्यावरचे केस मागे गेले होते, आणि ते आपल्यापैकी किती जणांनी लक्ष देऊन पाहिले असेल?

आता १४ एप्रिल येईल. जयंतीच्या निमित्ताने आपल्यातले बरेच जण रक्तदानाला नाव देतात. तिथल्या फॉर्मवर औषधांविषयी प्रश्न असतो. जो तरुण ही गोळी घेतो त्याने तिथे खरे लिहावे, महिनाभर थांबावे लागेल एवढेच. तो रांगेतून परत आला तर त्याला चहाच्या टेबलावर किंवा नावनोंदणीला बसवा. का परत आला, हे मात्र कोणी विचारू नका.