सब्र आणि वेदनाशामक गोळी

अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर बधिरतेचा अंमल काही तासांत ओसरतो आणि खरी कळ तेव्हा सुरू होते. म्हणूनच दंतवैद्य पहिली गोळी बहुधा त्याआधीच घ्यावयास सांगतात. काही घरांत मात्र ती उशाशी तशीच पडून राहते. ‘सब्र कर, गुनाह झडतात,’ असे सुनेला सांगितले जाते. (सांगणाऱ्याची दाढ शाबूत असते!)

आजारपणाने पापे झडतात, हे हदीसमध्ये आहेच. पण त्यासाठी वेदना राखून ठेवावी, असे कोठे आहे? उलट उपचार करण्याचा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपल्या यातनेचे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले (२१:८३), तरीही कुरआनने त्यांना सब्र करणारे म्हटले (३८:४४). ज्याने कण्हणेही नाकारले नाही, तो धर्म गोळी कशी नाकारील? सब्र स्वतःच्या जिवावर करावयाचा असतो, सुनेच्या जिवावर नव्हे.

गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावी. रमजानात दाढ काढावी लागली आणि कळ असह्य झाली, तर आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे (२:१८५). ती देताना अल्लाहने सासू-सुनेत भेद केलेला नाही.