चेहऱ्यावर जाऊ नका

एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा अण्णांचा आवाज पार मागच्या सीटपर्यंत जायचा. आता तो जेवताना समोरच्या ताटापर्यंतही पोचेना. पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणार, एवढं घरच्यांना ठाऊक होतं. चेहऱ्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

नात दहावी पास झाली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावत आली, पाया पडली. अण्णा नुसते बघत राहिले. डोळ्यांची पापणीसुद्धा क्वचित लवली. "आजोबांना काही वाटलंच नाही," म्हणून पोर हिरमुसली. माई ओट्यापाशी पुटपुटल्या, "ह्यांना आता कशाचं म्हणून कौतुक नाही." अण्णांना ते ऐकू गेलं. कान शाबूत होते ना!

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली, तेव्हाच बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असं नोंदवलं होतं. पुढे काहींच्या बाबतीत ते तितकंसं खरं नाही हे कळलं. पण अण्णांना सगळं समजत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. त्यांनी पारावर जाणंही बंद केलं.

पुण्यात अशा रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं मित्रमंडळ आहे. तिथल्या सभेला माई एकट्याच गेल्या. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "मेंदूत डोपामिन कमी पडलं की चेहऱ्याचे स्नायूही आखडतात हो. हसू आत असतं, बाहेर येत नाही. मी आता तोंडाकडे बघून ठरवत नाही, सरळ विचारते. आणि उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कधीकधी तो आजाराचाच भाग असतो. त्यावरही उपचार आहेत."

रात्री माईंनी विचारलं, "अहो, निकाल कळला तेव्हा काय वाटलं?"

उत्तराला वेळ लागला. एरवी माईंनी वाक्य आपणच पुरं केलं असतं. आज त्या थांबल्या.

"सगळ्या पारावर... सांगत सुटावंसं वाटलं. पण बातमी आनंदाची... आणि तोंड सुतकी. लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी माई त्यांना घेऊन पारावर गेल्या. मंडळींनी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "ह्यांच्या चेहऱ्यावर जाऊ नका, आज स्वारी भलतीच खूश आहे. नात पास झाली."

"मग पेढे कुठायत, अण्णा?" एकजण ओरडला.

पेढे तर कालच संपले होते. अण्णांनी खिशातून पन्नासची नोट काढली. थरथरत्या हातातून ती खाली पडली, तेव्हा उचलायला तिघे वाकले.