देवदत्त आणि नकुशी

चैत्राची पालवी आणि नवजात बाळ यांची जोडी आपल्या मनात फार जुनी आहे. प्रायश्चित्तकाळाचे दिवस सरत येतात, पिंपळ जुनी पाने टाकून तांबूस पालवीने झळाळू लागतो, अंगणातला आंबा कैऱ्यांनी लगडतो, आणि अशाच दिवसांत एखाद्या घरी पाळणा हलला की आपण सहज म्हणून जातो, ‘या घरीही वसंत आला!’ उपमा गोड आहे. परंतु थोडी पुढे नेऊन पाहिली तर ती अडखळते. पिंपळाला यंदा फुटलेले पान गतवर्षीच्या पानासारखेच असते. ते गळून पडले तर पुढील वर्षी तसेच दुसरे येईल, आणि पिंपळाला त्याची खंत वाटणार नाही. निसर्गाचा वसंत हा पुनरावृत्तीचा सोहळा आहे. बाळाचे तसे नाही. चार भावंडांच्या पाठीवर जन्मलेले पाचवे मूल घ्या. ते कुणाची आवृत्ती नसते. ते यापूर्वी कधी नव्हते आणि यापुढे पुन्हा कधी होणार नाही.

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या आपल्या ग्रंथात मानवाच्या निर्मितीकडे याच दृष्टीने पाहिले. मानव निर्माण झाला तेव्हा जगात खऱ्या अर्थाने ‘आरंभ’ अवतरला, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पंधरा शतकांनंतर हाना आरेन्ट या ज्यू विदुषीने हा विचार पुन्हा हाती घेतला. १९२९ साली प्रसिद्ध झालेला तिचा प्रबंध ऑगस्टीन यांच्या प्रेमविषयक कल्पनेवर होता आणि १९५८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तिने मानवी जन्मालाच नव्या आरंभाचे मूळ मानले. प्रत्येक जन्माबरोबर जगात असे काही येते की ज्याचा हिशेब आधी कुणालाच मांडता आला नसता, हे तिच्या प्रतिपादनाचे सार.

हे मान्य केले की एक अवघड प्रश्न समोर उभा राहतो. जे बाळ असा अनन्य आरंभ आहे, त्याची किंमत कशावर ठरते? ते आपल्याला हवे होते म्हणून ते मोलाचे आहे, की ते आले आहे म्हणून मोलाचे आहे?

आजच्या सुशिक्षित समाजाचे उत्तर बहुधा पहिले असते. ‘प्रत्येक मूल हवेसे असावे’ हे वाक्य आपण ऐकतो आणि त्यात वावगे काही वाटत नाही. आईबापांना उद्देशून केलेला उपदेश म्हणून ते योग्यही आहे. परंतु तेच वाक्य बाळाच्या बाजूने उच्चारून पाहावे, म्हणजे त्यातला धोका कळतो. ‘मी हवा होतो, म्हणून मला किंमत आहे.’ मग जे हवे नव्हते त्याचे काय? आईवडिलांनी एकाची अपेक्षा केली आणि जुळी झाली. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली. सुदृढ मूल हवे होते आणि अपंग जन्मले. दोनच हवी होती आणि तिसऱ्याची चाहूल लागली. अशा बाळांनी आपला अधिकार कोणत्या दारी मागावा?

या प्रश्नाला ऑगस्टीन यांच्याच आयुष्यात एक उत्तर सापडते, आणि ते कोणत्याही सिद्धांतापेक्षा बोलके आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे शिकत असताना, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, त्यांचे एका तरुणीशी संबंध जुळले. विवाह झालेला नव्हता. त्या संबंधातून एक मुलगा झाला. पुढे ‘कबुलीजबाब’ या आत्मचरित्रपर ग्रंथात त्यांनी या काळाबद्दल लिहिताना मोठा अर्थपूर्ण अभिप्राय दिला आहे. अशा संबंधात मूल आईबापांच्या इच्छेविरुद्ध येते. मात्र एकदा आले की ते आपल्यावर प्रेम करायला भाग पाडते, असे ते म्हणतात. न मागता आलेल्या या मुलाचे नाव होते ‘अदेओदातुस’, म्हणजे देवाने दिलेला; आपल्या बोलीत सांगायचे तर देवदत्त. त्या प्रदेशातील ख्रिस्ती लोकांत अशी नावे रूढ होती, तेव्हा केवळ नावावरून मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु ते नाव पुढे पित्याने जगून खरे केले, हे विशेष.

इ. स. ३८७ च्या वसंतात, २४ एप्रिलच्या रात्री, पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कार झाला. त्या रात्री त्यांच्याबरोबर पाण्यात उतरलेल्यांत सुमारे पंधरा वर्षांचा देवदत्तही होता. मिलानच्या महामंदिरासमोरील चौकाखाली त्या अष्टकोनी स्नानगृहाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पिता आणि पुत्र एकाच रात्री एकाच मातेचे, ख्रिस्तसभेचे, नवजात बालक झाले. त्याच वर्षी ओस्तिया येथे संत मोनिका निवर्तल्या, तेव्हा आजीच्या बिछान्यापाशी मोठ्याने हंबरडा फोडणारा हाच मुलगा होता. इतरांनी त्याला शांत केले, अशी नोंद ऑगस्टीन यांनी केली आहे. पुढे ‘गुरू’ नावाचा जो संवाद त्यांनी लिहिला त्यात मुलगा त्यांच्याशी बरोबरीने वाद करतो, आणि त्याच्या तोंडी घातलेले विचार सोळाव्या वर्षी त्याचेच होते अशी ग्वाही पित्याने दिली आहे. मुलगा तारुण्यात येण्यापूर्वीच गेला. त्याची बुद्धिमत्ता पाहून आपल्याला भीतियुक्त आश्चर्य वाटे, असे सांगून पिता त्या देणगीचे सारे श्रेय देवाला देतो. ज्याला कुणी मागितले नव्हते, त्याच्याविषयी हे उद्गार आहेत.

आता याच्या शेजारी आपल्या मातीतले एक नाव ठेवू या. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एक आगळा नामकरण समारंभ झाला. ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ असे नाव वागवीत वाढलेल्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, आता तरी मुलगा व्हावा, या आशेने ती नावे ठेवण्यात आली होती. शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ‘नकुशी’ अशी हाक यावी आणि तिने ‘हजर’ म्हणून उत्तर द्यावे, यापेक्षा क्रूर विसंगती कोणती? ती हजर होती. आणि तिचे नावच तिच्या हजर असण्याला नकार देत होते.

मानवी स्वागताचा पहिला शब्द नाव हाच असतो. म्हणून तर आपल्या स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू दारातच आईबापांना प्रथम विचारतात की, तुम्ही या बाळाचे नाव काय ठेवता? बाळ हवे होते का, ते कितवे आहे, त्याचे वजन किती, रंग कोणता, यांपैकी काहीही विचारले जात नाही. योसेफालाही देवदूताने स्वप्नात हेच काम सांगितले. जे मूल त्याच्या इच्छेने आले नव्हते, त्याला त्याने नाव द्यायचे होते. त्याने ते दिले, आणि त्या क्षणापासून येशू हा योसेफाचा पुत्र म्हणून ओळखला गेला. २५ मार्चला, ऐन वसंतात, आपण देवदूताच्या निरोपाचा सण साजरा करतो तेव्हा मारियेच्या होकाराबरोबर योसेफाच्या या मुक्या होकाराचीही आठवण ठेवावी.

आपल्या धर्मग्रामांत मुलीला नकुशी म्हणणारे घर सापडणार नाही, हे खरे. परंतु तेवढ्यावर आपली सुटका होते काय? मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा भेद आपल्या शेजाराइतकाच आपल्याही घरांत शिरलेला आहे. तिसऱ्या मुलीची बातमी सांगताना आपला आवाज किंचित उतरतो, आणि ऐकणारा ‘असू दे, लक्ष्मी आली’ म्हणतो ते सांत्वनाच्या सुरात. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. तरीही जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. ‘हवे ते मूल’ या विचाराने निवडीचे रूप घेतले की काय घडते, हे या आकड्यांतून वाचता येते.

येथे विचारी वाचक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. ‘मग येतील तितकी मुले येऊ द्यावीत काय? दोन खोल्यांच्या घरात, एका पगारावर?’ ख्रिस्तसभेने असे कधी शिकवलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की किती अपत्ये असावीत याचा निर्णय देवासमोर पतिपत्नींनी स्वतः घ्यायचा आहे. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकाने शरीरस्वास्थ्य, मिळकत, मनःस्थिती आणि सामाजिक परिस्थिती यांचा विचार जबाबदार पालकत्वात धरला, आणि कुटुंबाची वाढ थांबवणे हा निर्णयही गंभीर कारणांस्तव व नीतिनियमांना धरून घेता येतो असे म्हटले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०१५ मध्ये फिलिपिन्सहून परतताना जबाबदार पालकत्वाचा हा मुद्दा अगदी रोखठोक शब्दांत मांडला होता. तेव्हा विवेक हा आईबापांचा धर्म आहे, यात शंका नाही. मात्र विवेकाचे स्थान बाळाच्या येण्याअगोदरचे आहे. बाळ आल्यावर ‘तू यायला हवे होतेस का?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाकडेच उरत नाही. आता एकच प्रश्न शिल्लक राहतो, ‘आम्ही तुला जागा कशी करून देऊ?’

आणि ही जागा कोण करून देते? देवदत्ताच्या कथेतील सर्वांत दुखरी बाजू येथेच आहे. त्याची आई दहा वर्षांहून अधिक काळ ऑगस्टीन यांच्यासोबत राहिली. पुढे त्यांचा विवाह प्रतिष्ठित घराण्यात ठरला, तेव्हा तिला मिलानहून आफ्रिकेत परत जावे लागले. मुलगा पित्याकडे राहिला. आपले काळीज फाटून रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टीन लिहितात. पण तिचे नाव त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. मुलाचे नाव देवदत्त, आणि त्याला जन्म देणारी अनामिक. बाळाच्या स्वागताचे गोडवे गाताना त्या स्वागताची सारी किंमत एकाच स्त्रीकडून वसूल करायची, हा अन्याय तेव्हा झाला आणि आजही होतो.

पहिले बाळंतपण माहेरी होते. डिंकाचे लाडू, अळीव, शेकशेगडी, आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, सारे साग्रसंगीत असते. तिसऱ्या खेपेला माहेरची आई थकलेली असते, थोरल्यांच्या शाळा असतात, आणि बाळंतीण आठवड्याभरात चुलीपाशी उभी राहते. कायदाही तिच्याकडे असाच पाहतो. प्रसूतिरजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. दोन हयात अपत्ये असलेल्या स्त्रीला मात्र १२ आठवड्यांचीच. तिसऱ्या बाळाला आईचे दूध कमी आठवडे लागते, असे तर नाही! जे धर्मग्राम जीवनाच्या पावित्र्यावर प्रवचने ऐकते, त्याने अशा घरी सव्वा महिना डबा पोचवण्याची पाळी लावून घ्यावी. थोरल्यांना शाळेत नेण्या-आणण्याचे काम शेजाऱ्याने पत्करावे. आणि पित्याने दुपटी धुणे हे आपले काम मानावे. जीवनाच्या बाजूने असणे म्हणजे काय, हे प्रवचनाइतकेच त्या डब्यावरूनही कळते.

घरात आणखी एक जण जागा करून देत असतो. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे थोरला. आपण एक मत्सरी तान्हे मूल पाहिले, असे ऑगस्टीन सांगतात. त्याला अजून बोलता येत नव्हते, पण आपल्या दूधभावाकडे ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने, कडवट नजरेने पाहत होते. मानवी स्वार्थ किती खोलवर रुजलेला आहे, याचा हा दाखला ते देतात. परंतु वाढत्या कुटुंबात नेमकी याच मुळाशी मशागत चालते. कालपर्यंत आईच्या कुशीत एकटा झोपणारा आज बाजूला सरकतो. आधी रुसतो, मग पाळण्याची दोरी हाती घेतो, आणि एके दिवशी स्वतःच्या हातचे बिस्कीट मोडून अर्धे पुढे करतो. ‘जग माझ्यापुरते नाही’ हा नीतिशास्त्राचा पहिला धडा त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेला नसतो. तो त्याला धाकट्या भावंडाने केवळ जन्म घेऊन शिकवलेला असतो. आपण समजतो की कुटुंब बाळाला वाढवते. पाहू गेल्यास तेवढ्याच खरेपणाने बाळ कुटुंबाला वाढवीत असते.

येत्या पुनरुत्थान सणाच्या आगेमागे आपल्या मंदिरांत अनेक बाळांच्या मस्तकी पाणी घातले जाईल. त्यांतले एखादे अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलेले असेल, तर एखादे घरच्यांची झोप उडवून, हिशेब कोलमडवून आलेले असेल. स्नानकुंडापाशी ही दोन बाळे वेगळी ओळखता येणार नाहीत. पास्काच्या एकाच मेणबत्तीवरून दोघांची ज्योत पेटवली जाईल. आईबाप नाव सांगतील तेव्हा बाकावर बसलेल्या आपण सर्वांनी ते नीट ऐकावे आणि लक्षात ठेवावे. त्याबरोबर त्या आईचेही. पुढच्या रविवारी त्या दोघांना नावाने हाक मारता आली, तर आपले स्वागत सुरू झाले असे समजावे.