मणक्यातली जागा

माझी मावशी मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात राहते. चाळीस वर्षं तिनं कापूस वेचला. पोटाशी फडक्याची ओटी बांधायची, वाकायचं, आणि ओळ संपेपर्यंत वर यायचं नाही. सत्तरीत दुखणं सुरू झालं तेव्हा म्हणाली, "उभी राह्यली का पायाले मुंग्या येते बाप्पा, वाकली का बरं वाटते." आम्हाला वाटलं, सवयच आहे तिला वाकायची.

ती अगदी अचूक सांगत होती. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली नसांचा नुसता झुबका लोंबतो. लॅटिनमध्ये त्याला घोड्याची शेपटीच म्हणतात. वयाबरोबर मणक्यांचे सांधे वाढतात, आतला पिवळा अस्थिबंध जाड होतो आणि ही शेपटी आवळली जाते. ताठ उभं राहिलं की मणक्यांमधली नळी आणखी अरुंद होते, पुढे वाकलं की जराशी उघडते. शंभर पावलांत थांबणारा असा रुग्ण हँडलवर वाकून सायकल मात्र चालवतो. 1954 साली डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी हे दुखणं नीट मांडलं. तोवर किती वेचणाऱ्या बायांनी ते मुकाट सोसलं असेल!

कण्याच्या बाबतीत आपली भाषा फार एकांगी आहे. कणा ताठ असावा, मोडू नये. पण कण्याच्या आत पोकळी आहे आणि माणूस चालतो तो तिच्या जिवावर, हे कुठल्या वाक्प्रचारात आलेलं मला आठवत नाही. या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेत मणक्यामागची हाडाची कमान कोरून काढतात, जाडावलेला बंध सोडवतात. नसेला कुणी हातही लावू पाहत नाही. तिला फक्त जागा करून देतात. फार काळ दबलेली असेल, तर बधिरपणा उरतोही.

ताठ कणा म्हटलं की विदर्भाला बाबा आमटे आठवतात. मणक्यांच्या विकारानं त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. 1985 च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडून, ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले; तरुण सायकलींवर, बाबा गाडीत आडवे. त्यांचा ताठपणा गाताना ती कळ आपण विसरतो, हे मला खुपतं.

मावशीचं ऑपरेशन अमरावतीला झालं. तिथून अकोल्याकडे येणारा महामार्ग वर्षानुवर्षं खड्ड्यांचा होता. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत एका मार्गिकेचं 75 किलोमीटर डांबरीकरण होऊन जागतिक विक्रम झाला. परतताना त्या सपाट रस्त्यावरही बडनेऱ्यापासून ती दोन्ही हातांनी सीट धरून होती.

दिवाळीनंतर गेलो, तर ती धुऱ्याजवळच्या ओळीत उभी. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कमरेवरची बोंडं तेवढी ती वेचत होती. पायाला मुंग्या येतात का, विचारलं. मान न वळवता "नाही" म्हणाली, आणि खालची बोंडं सुनेसाठी सोडत ओळीच्या टोकापर्यंत गेली.