दोन तास आधीचा कृष्ण

माझ्या हातून झालेल्या पापांची यादी करायला बसलो, तर बहुतेक फुटकळ निघतील. बसचं तिकीट चुकवलं, शेजाऱ्यांचा पेपर त्यांच्या आधी वाचला, अशी. एक मात्र चांगलं घसघशीत आहे. मी श्रीकृष्णाला वेळेच्या दोन तास आधी जन्माला घातलं.

गोष्ट 1964 सालची, सदाशिव पेठेतली. आजीची गोकुळाष्टमी कडक असे. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. रात्री बाराला पाळणा हलायचा, आजी गॅलरीत जाऊन उगवत्या चंद्राला हात जोडायची आणि मग सुंठवड्याची चिमूट न् भगर. त्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्रीची गोळी दहाच्या पुढे जाता कामा नये आणि ती उपाशीपोटी घ्यायची नाही. आजी म्हणाली, "देवकीला कुणी दिली होती गोळी?" यावर डॉक्टरांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

साडेनऊला आजीचे हात थरथरायला लागले. बाबा नुसत्या येरझारा घालत होते. आजीशी वाद घालण्यात त्यांची पन्नाशी जवळ आली होती. मी बारा वर्षांचा. आजी स्वयंपाकघरात सुंठवडा कालवत होती, तेवढ्यात स्टुलावर चढलो. आमचं घड्याळ लंबकाचं, ठोके देणारं. त्याचा काटा एकदम पुढे रेटून चालत नाही; दर अर्ध्या तासाला थांबून त्याला बिचाऱ्याला वाजू द्यावं लागतं. म्हणून आधी हातोडीला बाबांचा रुमाल गुंडाळला. घसा बसलेल्या कीर्तनकारासारखं घड्याळ दहा पुटपुटलं, अकरा पुटपुटलं. बाराला पाच कमी असताना मी रुमाल सोडला. बाबांनी मनगटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो हात गुपचूप लेंग्याच्या खिशात घातला.

बारा खणखणीत पडले. पाळणा हलला. आजी गॅलरीत गेली, आभाळाकडे बराच वेळ बघत राहिली, हात जोडले आणि पानावर येऊन बसली. गोळी पोटात गेली.

तेव्हापासून या खटल्यात आरोपी मीच आणि वकीलही मीच. वकिलाचा पहिला मुद्दा सरकारविरुद्ध आहे. 1906 पासून आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पुणं त्याच्या चांगलंच पश्चिमेला. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्याची खरी मध्यरात्र अजून अर्ध्या तासाहून लांब असते. मुंबईत 39 मिनिटं मागची 'मुंबईची वेळ' 1955 पर्यंत तग धरून होती. म्हणजे घड्याळावर पाळणा हलवणारा प्रत्येक पुणेकर दरवर्षी कृष्णाला घाईनंच जन्माला घालतो! सरकारनं काटा पुढे सारला की ती प्रमाणवेळ, आणि मी सारला की लबाडी? शिवाय वेळेचं कशाला, महिन्यावर तरी कुठे एकमत आहे? आपला कृष्ण श्रावणात जन्मतो, उत्तरेत तीच अष्टमी भाद्रपदातली.

दुसरा मुद्दा खुद्द वसुदेवाचा. त्या रात्रीचा सगळा कारभारच फसवाफसवीचा. पहारेकरी झोपलेले, बाळ टोपलीतून यमुनेपलीकडे, त्याच्या जागी यशोदेची मुलगी. आपण हे डोळे मिटून ऐकतो आणि वसुदेवाला कुणी खोटारडा म्हणत नाही.

इथे मात्र माझा वकील जरा खोकतो. वसुदेवानं फसवलं कंसाला. मी फसवलं आजीला. आणि टोपलीच्या गडबडीत ती यशोदेची मुलगी आपण विसरतो. ती देवी होती म्हणून कंसाच्या हातून निसटली. पण अदलाबदल करताना तिला कुणी विचारलं होतं? तिच्यासाठी पाळणा म्हटलेला मी तरी ऐकलेला नाही. भल्यासाठी केलेल्या फसवणुकीतही बिल कुणाच्या तरी नावावर फाटतंच. आमच्या घरी ते आजीच्या नावावर फाटलं. चाळीस वर्षं मोडली नव्हती अशी तिची एक गोष्ट मी रुमाल गुंडाळून मोडली, आणि तीही तिला न विचारता. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून नाही विचारलं. हा बचाव आहे की कबुली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहीकाला वाढताना आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल चंद्र फार उशिरा उगवला रे."

माझ्या हातातली वाटी पडायची राहिली. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, हे भूगोलात मला पुढे शिकवलं. आजीला ते घड्याळं घरात यायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे रिकामं आभाळ बघूनच ती पानावर बसली होती? की झोपमोड होऊन नंतर कधीतरी तिनं चंद्र पाहिला? पहिलं असेल तर व्रत मी मोडलं नव्हतं. तिनंच ते उतरवून बाजूला ठेवलं होतं, आणि फसवल्याचं समाधान मला वर फुकट दिलं होतं. दुसरं असेल तर... विचारायची छाती झाली नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या गोकुळाष्टमीला साडेनऊचा ठोका पडून गेला होता. सुंठवड्याची वाटी झाकत आजी म्हणाली, "अरे, घड्याळ बघ जरा. मागच्या वर्षीसारखं मागं पडलं असेल."

मी स्टूल आणायला गेलो. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला.