वेन राजा आणि पुसदचे गवत

10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात पन्नाशीला टेकलेला एक वकील विळा घेऊन वाकला आणि त्याने विनापरवाना गवत कापले. माधव श्रीहरी अणे, वऱ्हाडचे लोकनायक बापूजी. जन्म वणीचा, वकिली यवतमाळची, निष्ठा टिळकांवर, आणि संस्कृतचा व्यासंग एवढा की पुढे त्यांनी टिळकांवर संस्कृतात महाकाव्यच रचले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1973 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. कायदा मोडणार हे आधीच जाहीर होते. अटकही ठरल्यासारखी झाली.

मिठाचा कायदा मोडायला वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहीहंड्याला निदान खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ करता आले. यवतमाळकडे होते ते रान. जिथून पिढ्यान्‌पिढ्या गवत, सरपण, मोहफुले आणली, तिथे सरकारने हद्दीच्या खुणा रोवल्या आणि आत शिरलेल्या गुरांना कोंडवाडा दाखवला. त्यामुळे लढ्याला विषय शोधावा लागला नाही. 21 जुलैला यवतमाळजवळ डॉ. केशव हेडगेवारांनी सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेतली.

प्रश्न मात्र अण्यांसारख्या शास्त्र जाणणाऱ्या माणसाला टाळता येण्याजोगा नव्हता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की राजा पोर असला तरी त्याची अवज्ञा करू नये. माणसाच्या रूपातली ती मोठी देवता असते. मग राजाचा कायदा मोडणे हे पाप, की कर्तव्य? (वऱ्हाडापुरते तर देवता कोण हेच आधी ठरवायला हवे होते. कागदावर धनी निजाम. त्याने 1853 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला आणि 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला. राजा भाडेकरू असला की त्याचे देवत्व पट्ट्यात धरलेले असते का, याचा खुलासा मनूने केलेला नाही.)

हाच प्रश्न त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षे आधी अमेरिकेतल्या तेरा इंग्रज वसाहतींना पडला होता, आणि तिथेही भांडणाची एक जागा रानच होती. इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी उंच, सरळ पांढरा पाइन लागे. न्यू हॅम्पशायरमध्ये 1722 च्या कायद्याने बारा इंचांहून जाड बुंध्याचा प्रत्येक पांढरा पाइन राजाचा ठरला. राजाचे कारभारी बुंध्यावर कुऱ्हाडीने बाणाची खूण करत. मग झाड कुणाच्याही शेतात असो, मालकाने त्याला हात लावायचा नाही. 1772 च्या एप्रिलमध्ये वेअर गावात अशा लाकडावरून शेरीफ बेंजामिन व्हाइटिंग एका गिरणीवाल्याला पकडायला आला आणि रात्री सराईत मुक्कामाला राहिला. पहाटे वीसेक गावकरी तोंडाला काजळी फासून त्याच्या खोलीत घुसले. जप्त केलेल्या प्रत्येक झाडामागे एक, असा हिशेब धरून त्याच्या अंगावर फोक ओढले, घोड्यांचे कान कापले, आयाळी भादरल्या आणि त्याला हाकलून दिले. खटला झाला, दंड झाला माणशी फक्त 20 शिलिंग. न्यायाधीशांनाही आतून काय वाटत होते ते त्या दंडावरून कळते. पुढच्याच वर्षी, 16 डिसेंबर 1773 ला, बोस्टनच्या बंदरात मोहॉक या मूळ रहिवाशांचा वेष घेतलेल्या लोकांच्या हातून चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या.

या माणसांना देव नव्हता असे नाही. उलट रविवारी चर्च चुकवणारे त्यांच्यात थोडे. अडचण होती सेंट पॉलची. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तो सांगतो की प्रत्येक सत्ता देवाने नेमलेली असते, तिला विरोध म्हणजे देवाच्या योजनेला विरोध. याला उत्तर दिले बोस्टनच्या जोनाथन मेह्यू या 29 वर्षांच्या पाद्र्याने. तारीख निवडली 30 जानेवारी 1750 च्या सुमाराची. 1649 मध्ये याच तारखेला पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता, आणि इंग्लंडचे चर्च त्या दिवशी राजाला हुतात्मा मानून उपास करी. मेह्यूने पॉलचेच शब्द पुढे वाचले: सत्ताधारी हा लोकांच्या भल्यासाठी देवाचा सेवक आहे. भले करणे सोडले, तर सेवक ही नेमणूकच संपली. मग आज्ञा पाळण्याचे कारण काय उरते?

दुसऱ्या बाजूला मेरीलँडचा पाद्री जोनाथन बाउचर होता. याने वॉशिंग्टनच्या सावत्र मुलाला शिकवले होते. राजनिष्ठा हे धर्माचे अंग, यावर तो इतका ठाम की कित्येक महिने व्यासपीठावरच्या उशीवर दोन भरलेली पिस्तुले ठेवून त्याने प्रवचने दिली. 1775 मध्ये त्याला देश सोडावा लागला. त्याला भित्रा किंवा विकला गेलेला म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे. दीक्षा घेताना वाहिलेली राजनिष्ठेची शपथ त्याने खरी मानली होती, एवढेच.

मेह्यूचा युक्तिवाद आपल्याकडे कीर्तनकारालाही परका वाटणार नाही. शांतिपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, सर्वांसारखेच हातपाय असलेला एक माणूस राजा कसा होतो? उत्तरात अनेक कथा येतात. एकीत लोक मनूला राजा व्हायची गळ घालतात आणि तो आधी नकार देतो. खोटेपणाने वागणाऱ्या माणसांवर राज्य करण्याचे पाप त्याला नको असते. तेव्हा लोक करार करतात: गुरांचा आणि सोन्याचा पन्नासावा, धान्याचा दहावा भाग घे आणि आमचे रक्षण कर. अनुशासनपर्व तर एवढ्यावर थांबत नाही. रक्षणाचे वचन देऊन ते न पाळणाऱ्या राजाला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे तिथे सांगितले आहे. मनूची देवता आणि हा कुत्रा एकाच परंपरेत राहतात. आपले धर्मग्रंथ एकसुरी मानणाऱ्यांनी दोन्ही वाचावेत. आणि वेन राजाची कथा आहेच. अधर्माने वागणाऱ्या वेनाला ऋषींनी मंत्रलेल्या कुशांनी मारले. गवताच्या काड्यांनी राजा संपला!

पुसदला मात्र कुणाला मारले नाही, आणि कुणी तोंडही झाकले नाही. फरक पडतो तो इथे. वेअरच्या काजळीत आणि बोस्टनच्या मोहॉक वेषात गुन्हा आपला आणि चेहरा दुसऱ्याचा, अशी सोय होती. सत्याग्रही नाव सांगून कायदा मोडतो आणि शिक्षा मागून घेतो. म्हणजे तो एक कायदा नाकारतो, पण कायद्यापुढे उभे राहणे नाकारत नाही. बाउचरच्या शपथेलाही यात थोडी जागा उरते. अहिंसेची महती सगळेच गातात. पण धर्माच्या बाजूने पाहिले तर या उघड्या चेहऱ्याचे वजन तिच्याहून कमी नाही.

मोहॉकांचा वेष घेणाऱ्यांनी खऱ्या मोहॉकांचे काय केले? 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान म्हटली आणि राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत शेवटी मूळ रहिवाशांना निर्दय रानटी ठरवले. 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनने मोहॉक ज्यांच्यात मोडतात त्या इरोक्वॉय लोकांची चाळीसेक गावे आणि उभी पिके जाळली. राजा-प्रजेच्या करारात त्यांना कुणी धरलेच नव्हते.

वेनाच्या कथेतही ही फट आहे. मेलेल्या वेनाची मांडी ऋषींनी घुसळली तेव्हा आधी एक ठेंगणा, काळा माणूस निघाला. त्याला बाजूला बसवले. त्याचे वंशज ते रानावनात, डोंगरात राहणारे निषाद. मग उजवा हात घुसळून पृथू निघाला, त्याला शपथ दिली आणि राज्य दिले. थोरला रानात गेला, धाकटा राजा झाला. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम, गोंड, आंध यांची वस्ती आहे. राखीव जंगलाचा जाच सर्वांत जास्त सोसला तो यांनीच. सत्याग्रहाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे ठळक छापली जातात. त्याच 1930 च्या ऑक्टोबरमध्ये सिवनी जिल्ह्यातल्या टुरियाला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हा मेलेले चौघे आदिवासी होते, त्यांत तीन बायका.

स्वराज्य आले आणि 1927 चा जंगल कायदा कायम राहिला, अजूनही आहे. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला ही कबुली द्यायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. त्यात आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशाला 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, आपले बिऱ्हाड रानात किंवा रानाच्या आधाराने होते हे दाखवावे लागते. हिशेब थेट 1930 च्या डिसेंबरवर येतो. पुरावा म्हणून म्हाताऱ्यांचे जबाब चालतात, जुनी विहीर, स्मशान, देवस्थान चालते, आणि कोर्टाचे निकालही. तेव्हा ज्याच्या आज्याला त्या पावसाळ्यात गवत कापल्याबद्दल शिक्षा झाली आणि तो कागद घरात उरला, त्याच्या हातात इंग्रजी राजवटीतल्या न्यायाधीशाच्या सहीचा पुरावा आहे. ज्याचा आजा परवाना घेऊन मुकाट गुरे चारत राहिला, त्याने विहीर दाखवावी.