सवडीने शिकणाऱ्या डॉक्टरांविषयी

छत्रपती संभाजीनगर

चि. ताई,


बॉन्डवर आलेल्या नव्या डॉक्टरांना ऑनलाइन धडे नेमून द्यायचे आणि ज्याने त्याने ते सवडीने पुरे करायचे, असं तू गंगापूरच्या रुग्णालयात ठरवलं आहेस. बेत चांगला आहे. ओपीडी, बाळंतपणं, पोस्टमॉर्टेम यांतून तू वर्ग भरवणार कधी? २०२० मध्ये कोविडच्या धांदलीत ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावरच्या आयगॉटच्या ऑनलाइन धड्यांचा मोठाच आधार झाला होता. शिवाय हवं तिथे थांबवून पुन्हा ऐकता येईल असा शिक्षक आमच्या वाट्याला कधी आला नाही. आमचे सर एकदा बोलले की बोलले.

माझी हरकत आहे ती त्या ‘सवडी’ला. सवड मिळाली की पोरं सोपा धडा आधी उघडतात, दुप्पट वेगाने पळवतात, शेवटचे प्रश्न अंदाजाने सोडवतात आणि प्रमाणपत्र उतरवून घेतात. म्हणून कोणता धडा कधी बघायचा ते वॉर्डातल्या पेशंटवरून ठरव.

आता पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा सर्पदंशापासून सुरुवात कर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चौकडी व्हिडिओत छान समजते. पण मण्यार चावलेला माणूस दंशाची खूण दाखवत येत नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, पापण्या जड झालेल्या असतात, आणि नवा डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन लिहायला घेतो. ‘रात्री खाली जमिनीवर झोपला होतात का?’ हा प्रश्न मराठीत, घाबरलेल्या नातेवाइकांच्या घोळक्यात विचारायची सवय पडद्यासमोर बसून लागत नाही. ती तू लाव.

घोणसाच्या विषासाठीची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी उदाहरणादाखल घे. ऐकायला पोरखेळ वाटते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलि ताजं रक्त, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदा तिरपी करायची. प्रत्यक्षात काचेची नळी सापडत नाही म्हणून कुणी प्लॅस्टिकची घेतो, कुणी साबणाने धुतलेली घेतो, कुणी पाचव्या मिनिटाला हलवून बघतो. उत्तर चुकतं आणि त्यावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो. तेव्हा धडा संपला की त्याच दिवशी प्रत्येकाने जुन्या सिस्टरसमोर ती करून दाखवावी. अँब्यू बॅगचंही तसंच. इथलं घाटी रुग्णालय तुझ्याकडून चाळीसेक किलोमीटर, आणि श्वास मंदावलेल्या पेशंटला १०८ रुग्णवाहिकेत तेवढा वेळ हातानेच तगवावं लागतं.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर त्यांना पुस्तकात हाताशी धरण्याजोगं फारसं काही नव्हतं. ते पेशंटच्या खाटेशी बसले, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी यांची नोंद करत राहिले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिनच्या उपचाराने कितीतरी जीव वाचले. स्वतःच्या गतीने शिकणं म्हणतात ते मला हेच वाटतं; पण त्यांची गती पेशंटने ठरवलेली होती. (तुझ्या पोरांपैकी एकाला तरी खाटेशी बसायची खोड लागली, तर मला कळव. मी चहा पाजीन.)

बाकी किरकोळ. धडे टॅबवर आधीच उतरवून ठेव, वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. त्यांच्या झोपेच्या तासांतून अभ्यास काढू नकोस, ड्युटीतलीच पंधरा मिनिटं मोकळी करून दे. आणि आठवड्याने तोच धडा न दाखवता त्यावर दोन प्रश्न विचार, कारण बघितलेलं फार लवकर पुसलं जातं.

प्रमाणपत्रं वर पाठवायची असतील तर फाईलला लाव. तुझ्या टेबलावर मात्र साधी वही ठेव: कुणी कोणतं काम स्वतःच्या हाताने केलं, तारीख, आणि पलीकडे बघणाऱ्या सिस्टरची सही.

तुझा,
मामा